दिनकरमामांची पट्टी

"किती मोठं लिहिलंस बघू तरी," म्हणत दिनकरमामांनी माझ्या हातातला अहवाल घेतला, टेबलावरचा लाकडाचा भुसा बाहीनं बाजूला सारला, खिशातून पट्टी काढली आणि कागदाच्या कडेला उभी लावली. "दोनशे चौऱ्याण्णव."

मी हसले. चाळीस पानांचा अहवाल पानांनी नाही तर पट्टीनं मोजणारा माणूस आमच्या फाउंड्रीतच सापडायचा.

"सत्त्याण्णव, मामा. हा कागद दोनशे सत्त्याण्णव मिलिमीटरच असतो. जगात कुठंही जावा."

"जगाचं मला काय सांगतीस. चौऱ्याण्णव हाय. ये, वाकून बग."

मी वाकून बघितलं. दोनशे चौऱ्याण्णव होते.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत पंपाची केसिंग, मोटरच्या बॉडी असलं ओतकाम चालायचं. दिनकर सुतार तिथले पॅटर्नमेकर. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओतायचा, तो वाळूचा साचा उठवण्यासाठी आधी त्या जॉबची, म्हणजे ओतायच्या वस्तूची, लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. ती मामा करायचे. आता रस थंड होताना आकसतो, शंभराला साधारण एक. म्हणून लाकूडच तेवढं मोठं ठेवावं लागतं. दर वेळी गणित करत बसायला नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा केसभर मोठा. ही गोष्ट फाउंड्रीत चहा देणाऱ्यालाही ठाऊक असते. मला सतरा वर्षं ठाऊक होती.

तरी मी वाकलेली सरळ झाले नाही. कंबरेत नव्हे, डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

"मामा," मी विचारलं, "रिजेक्ट होऊन परत येणारे जॉब तुम्ही कशानं मोजता?"

"पट्टीनं."

"कुठल्या?"

"माझ्या खिशात किती पट्ट्या असत्यात?"

"म्हणजे हीच?"

"आगं, लाकूड ह्याच पट्टीनं मोजायचं आणि लोखंड बी ह्याच पट्टीनं. दोन्हीत फरक किती पडला एवढंच मला बगायचं असतंय. पॅटर्न कुठं खरवडायचा ते त्यातनं कळतंय. तुमच्या हापिसातला आकडा घिऊन मी काय करू?" त्यांनी अहवाल परत दिला. "का गं? तोंड का पडलं? उद्याच हाय न्हवं तुझी मुलाखत?"

उद्याच होती. पुण्याला, दुपारी दोन वाजता.

त्या मुलाखतीपर्यंत मी कशी पोचले ते थोडं सांगायला हवं. माझं बी.एस्सी. फिजिक्स झालं आणि पंधरा दिवसांत लग्न झालं. फाउंड्रीत नोकरी लागली ती अक्षर चांगलं आहे या एकाच गुणावर. हुद्दा क्वालिटी क्लार्क. कोणता जॉब पास, कोणता नापास, हे रजिस्टरात लिहायचं. लिहिता लिहिता एक प्रश्न पडत गेला. तोच साचा, तीच भट्टी, तीच माणसं, मग एका जॉबच्या पोटात पोकळी का राहते आणि शेजारच्याच्या का नाही? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "चौगले, तुम्ही फक्त लिहा."

ऑफिसातला कॉम्प्युटर जेवायच्या सुट्टीत रिकामा असायचा. त्यामुळं माझं पुढचं सगळं शिक्षण दीड ते दोनच्या दरम्यान झालं. प्रोग्रॅम लिहायला मी व्हिडिओ बघून शिकले, आवाज बंद ठेवून, कारण स्पीकर नव्हते. साच्यातलं लोखंड कुठून कसं थंड होत जातं ते कॉम्प्युटरवर मांडायला शिकले. बाहेरून एम.एस्सी. गणित केलं. गेटची परीक्षा दोनदा दिली, कॉलेजच्या पोरांच्या मध्ये बसून. दुसऱ्यांदा पुरेसे गुण पडले.

मग जागा शोधायला लागले. पीएच.डी.ची. दोनशे पानी वही केली, वर 'जागा' असं लिहिलं. डावीकडं संस्था, विषय, शेवटची तारीख. उजवीकडं काय झालं ते. उजवीकडं बहुतेक 'उत्तर नाही'. एकानं लिहिलं, वयाची अट अठ्ठावीस. एकानं चार मिनिटांत कळवलं की जागा भरली, ती जाहिरात पुढं दोन वर्षं तशीच होती. एकानं मला 'डिअर सर' म्हटलं. एक बाई चांगल्या होत्या, त्यांनी विचारलं, विद्यार्थिनी तुम्ही आहात की तुमची मुलगी? जाहिरातींत 'तरुण आणि उत्साही उमेदवार हवा' असं असायचं. उत्साही मी होते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी मला पडलेले प्रश्न लिहायची. सुटला की बरोबरची खूण करायची.

असे बेचाळीस अर्ज झाले. त्रेचाळिसाव्या जाहिरातीत लिहिलं होतं, ओतकामाच्या धातूंवर थिअरी, सिम्युलेशन आणि मशीन लर्निंग या तिन्ही अंगांनी काम करेल असा विद्यार्थी हवा. वयाची अट नव्हती. लिहायची राहून गेली असेल म्हणून फोन करून विचारलं. खरंच नव्हती.

अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाचा अहवाल मागितला होता. तो मी आठ महिन्यांत केला. चार वर्षांतले चारशे जॉब घेतले, दोनशे पास, दोनशे रिजेक्ट. पास झालेल्यांची मापं तपासणी विभागाच्या निळ्या रजिस्टरात होती. रिजेक्ट झालेले जॉब पॅटर्न सुधारायला मामांकडं जायचे, त्यांची मापं पॅटर्न शॉपच्या लाल रजिस्टरात होती, मामांच्या अक्षरात. मी दोन्ही रजिस्टरं कॉम्प्युटरवर उतरवली, 'माप' नावाच्या एकाच रकान्यात. मग कॉम्प्युटरला पास-नापास ओळखायला शिकवलं. कधीही न दाखवलेले जॉब पुढं ठेवले, तर शंभरातले एक्क्याण्णव त्यानं बरोबर ओळखले.

इतकंच नाही. का ओळखतो तेही मी शोधलं. नापास जॉब बाहेरूनही नकाशातल्या मापापेक्षा एक टक्का लहान भरत होते. आत पोकळी राहिली की बाहेरचं अंगही आकसतं, अशी माझी थिअरी. तीन पानं समीकरणं होती. ती पानं मला इतकी आवडायची की पोळ्या लाटताना आठवायची. पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा पत्रात लिहिलं होतं, 'आपला एक्क्याण्णव टक्क्यांचा निकाल आणि त्यामागची मीमांसा याबद्दल ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.'

आणि आता बुधवारी सकाळी दहा वाजता पॅटर्न शॉपमध्ये उभी राहून मला कळलं होतं की एक टक्का लोखंड आकसत नव्हतं. मामांची पट्टी मोठी होती.

ऑफिसात जाऊन मी लाल रजिस्टरातलं प्रत्येक माप एक टक्क्यानं वाढवलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. जेवायची सुट्टी झाली, संपली. डबा उघडला नाही. साहेब येऊन म्हणाले, "चौगले, कॉम्प्युटर?" मी म्हटलं, "आज नाही, साहेब." सतरा वर्षांत पहिल्यांदा असं बोलले असेन. ते गेले.

तीन वाजता आकडा आला. त्रेसष्ट. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते.

सव्वातीनला मामा स्वतः ऑफिसच्या दारात आले. ते कधी ऑफिसात येत नसत, अंगावर भुसा असतो म्हणून. दारातच उभे राहिले.

"काय झालं गं? सकाळपासनं तुझं ध्यान ठिकाणावर न्हाई."

मी त्यांना सांगितलं, जमेल तसं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"माझ्या पट्टीत खोट काढतीस?"

"नाही मामा. पट्टीत नाही."

"बत्तीस वरसं झाली. एक पॅटर्न चुकला न्हाई हिच्यावर."

"पट्टी बरोबर आहे. तुमचं मापही तुमच्या कामापुरतं बरोबर आहे. मी तुमची मापं आणि तपासणीवाल्यांची मापं एका रकान्यात घातली. चूक माझी."

ते जरा निवले. दाराच्या चौकटीला टेकून विचार करत राहिले.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरला सांगितलं हुतंस का, कुठलं माप कुणी घेतलंय?"

"नाही."

"मग त्यानं त्येच हुडकलं की. जॉब माझ्याकडं आला म्हणजे नापास, त्यांच्याकडं ऱ्हायला म्हणजे पास. लोखंड बगायची गरजच काय त्याला?" मामा मान हलवून म्हणाले, "हुशार हाय गं."

मी हसले की रडले ते आठवत नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी झालं. चाळीस पानांत मला जे लिहिता आलं नव्हतं ते मामांनी दारात उभं राहून एका दमात सांगितलं होतं.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"जाणार."

"आणि हे सांगणार?"

खरं म्हणजे सांगायची गरज नव्हती. अहवाल पोचलेला होता. दोन्ही रजिस्टरं शिरोलीच्या लोखंडी कपाटात होती आणि किल्ली माझ्याकडं होती. पुण्याचा कुणी माणूस येऊन मामांच्या खिशात हात घालणार नव्हता.

मामांनी पट्टी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ने ही. मी दोन दिस दुसरीवर भागवतो. पण परत आण. आणि दावायचीच झाली तर नीट दाव. खोटी हाय म्हणून दावू नगोस."

सकाळी साडेपाचच्या निमआराम एसटीनं निघाले. स्टँडवर विलास सोडायला आले होते. आमचे हे एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. रात्री त्यांना सगळं सांगितलं होतं. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"सांगितलंस तर घेतील?"

"बहुतेक नाही."

"मग कशाला सांगतीस? आमच्याकडं जॉब पॉइंटभर चुकला तर कोण मालकाला जाऊन सांगतंय? पॅक करतात आणि पाठवतात."

"आणि?"

"आणि काय. दहातले नऊ खपतात."

मी चहा संपवला. कंडक्टरनं हाक मारली. विलासनी माझी पिशवी वर चढवली, डबा हातात दिला आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"दहावा मात्र परत येतो," ते म्हणाले. "आणि ज्यानं केला त्याच्याच मशीनवर आणून ठेवतात. सगळ्यांच्या देखत." मग जरा थांबून, "डबा वेळेवर खा. काल खाल्ला नाहीस."

मुलाखतीची खोली साधी होती. लांब टेबल, पलीकडं दोघं. डॉ. निमकर साठीच्या घरातले, पांढऱ्या भुवयांचे. जाहिरात त्यांचीच. दुसऱ्या डॉ. केतकी सबनीस, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, केस आखूड, हातात पेन्सिल. माझ्या अहवालाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं मला उलटं दिसत होतं.

निमकरांनी इंग्रजीत सुरुवात केली. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. ती पाठ केलेली होती हे त्यांनी ओळखलं असावं, कारण तिसऱ्या वाक्याला ते मराठीत आले.

"चौगलेबाई, कुठल्याही मार्गदर्शकाशिवाय एवढं काम. आम्ही दोघंही प्रभावित झालो आहोत. आम्हाला तिसऱ्या प्रकरणाबद्दल ऐकायचंय. हा एक टक्का."

"सर, त्याआधी एक आकडा बदलायचाय," मी म्हटलं आणि फळ्याकडं गेले. एक्क्याण्णव लिहिले, खोडले, खाली त्रेसष्ट लिहिले. तीन जरा आठसारखा दिसला. तो पुसून पुन्हा काढला.

मग पिशवीतून मामांची पट्टी काढली आणि त्यांच्या टेबलावर माझ्या अहवालाच्या कडेला लावली. शेजारी माझी साधी पट्टी ठेवली. सांगितलं की ही पट्टी बरोबर आहे, तिचं काम वेगळं आहे. दोन रजिस्टरं, दोन माणसं, एक रकाना. सगळं सांगायला चार मिनिटं लागली असतील. तिसरं प्रकरण घडलेलंच नाही हे सांगायला त्यातलं एक मिनिट.

निमकर दोन्ही पट्ट्यांवर वाकले. त्यांनी नखानं रेघा मोजल्या. "सुंदर," ते म्हणाले, पण ते पट्टीला म्हणाले.

"हे कधी कळलं तुम्हाला?" सबनीसांनी विचारलं.

"काल सकाळी दहा वाजता."

"काल." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे आम्ही तुम्हाला एक्क्याण्णववर बोलावलं आणि तुम्ही त्रेसष्ट घेऊन आलात."

"हो."

"आज आलेल्या बाकीच्या तीन उमेदवारांचे आकडे नव्वदच्या वर आहेत."

"असतील, मॅडम."

निमकर मध्ये पडले. "अहो, चूक स्वतःहून सांगितली. प्रामाणिकपणा आहे. हे किती जण करतात?" ते माझ्याकडं बघून हसले, आणि मला वाटलं, जमलं. आता गप्प बसायचं आणि मान खाली घालायची. डब्यातल्या भाकरीची आठवण झाली, इतकी मी सैल पडले.

पण सबनीस हसल्या नव्हत्या.

"एक विचारू? तुम्ही सतरा वर्षं फाउंड्रीत आहात. ही पट्टी तुम्हाला माहीत होती. आणि लोखंड इतकं शिस्तीत वागत नाही हेही माहीत असणार. लहान जॉब, मोठा जॉब, जाड, पातळ, सगळे नेमके एक टक्का आकसतात. यात काहीतरी गडबड आहे असं तुम्हाला कालच्या आधी कधी वाटलंच नाही?"

निमकरांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यांना माझं 'नाही' ऐकायचं आहे हे स्पष्ट होतं. 'नाही' म्हटलं असतं तर खोटं पकडणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. वही पिशवीत होती आणि पिशवी माझ्या मांडीवर.

मी वही काढली. मागचं पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

तिथं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, '१४ मार्च. सगळीकडं एक टक्काच का? मामांना विचारणे.' वर आणि खाली सगळ्या प्रश्नांना बरोबरच्या खुणा होत्या. याला नव्हती.

"मार्चमध्ये," सबनीस म्हणाल्या. "आता सप्टेंबर आहे."

"हो."

"पॅटर्न शॉप तुमच्या ऑफिसपासून किती लांब?"

"साठ पावलं."

"मग विचारलं का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत कराडपासून शिरवळपर्यंत तयार करत आले होते. कामाचा ताण, घर, मुलीची दहावी. सगळं खरं होतं. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"कारण एक्क्याण्णव आला होता," मी म्हटलं. "मामा काय सांगतील ते मला आतून माहीत होतं. विचारलं असतं तर तो गेला असता. मी सहा महिने त्या दाराशी रोज चहा प्यायले आणि विचारलं नाही. कालसुद्धा मी विचारायला गेले नव्हते. त्यांनी गंमत म्हणून कागद मोजला."

निमकर मागं टेकले. त्यांच्या भुवया खाली आल्या. प्रामाणिकपणाचं जे प्रमाणपत्र त्यांनी मला नुकतंच दिलं होतं ते त्यांना परत घ्यावं लागत होतं, आणि ते सज्जन असल्यामुळं त्यांना त्याचा त्रास होत होता.

सबनीसांनी वहीचं पान उलटलं. मग पुढचं. वही पुढून उघडली, 'जागा' वाचलं, आणि उजवीकडच्या 'उत्तर नाही'च्या रांगेवरून पेन्सिल खाली नेत राहिल्या. शेवटी वही मिटून मला परत दिली.

"तुम्हाला घेतलं तर पहिल्या दिवशी काय कराल?" त्यांनी विचारलं.

"रकाना वाढवीन," मी म्हटलं. "माप कुणी घेतलं त्याचा."

"ठीक आहे. कळवू आम्ही."

पट्टी कापडात गुंडाळली आणि बाहेर आले. तिथल्या बाकावर एक मुलगा टाय सारखा करत बसला होता. त्यानं विचारलं, "कशी गेली, काकू?" मी म्हटलं, "परत येणारा दहावा जॉब जातो तशी." तो हसला, त्याला काही कळलं नसणार. स्वारगेटला येऊन डबा खाल्ला. पूर्ण.

पट्टी शुक्रवारी मामांना दिली. "मिळालं?" त्यांनी विचारलं. "कळवतील." "दावलीस नीट?" "तिथले मोठे साहेब सुंदर म्हणाले." मामा दिवसभर खूष होते.

तीन आठवड्यांनी मेल आलं. निवड झाली नव्हती. जागा दुसऱ्याला गेली, बहुतेक टायवाल्याला. मी वही उघडून त्रेचाळीसच्या उजवीकडं 'उत्तर आलं' असं लिहिलं, मागच्या पानावर मार्चच्या प्रश्नापुढं खूण केली आणि चव्वेचाळिसाव्याची शेवटची तारीख बघितली. ती गुरुवारची होती. अहवालातलं तिसरं प्रकरण काढून टाकलं, पहिल्या पानावर त्रेसष्ट टक्के लिहिलं आणि त्याखाली, आधी एक्क्याण्णव कसे आले होते आणि किती दिवस मी ते जपले, हेही लिहिलं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सगळ्यांना तेच पाठवलं. विलास म्हणाले, "अर्ज करायलीस की कबुलीजबाब?" मी म्हटलं, "एकाच पाकिटात दोन्ही जातं."

डिसेंबरात सबनीस मॅडमचं मेल आलं. चारच ओळी होत्या. 'गेले दोन महिने मी आमच्या प्रयोगशाळेतली मापं कुणी कुणी घेतली ते शोधते आहे. दोन ठिकाणी तुमची पट्टी सापडली. जानेवारीत माझ्याकडं स्वतंत्र जागा निघते आहे, त्यासाठी रीतसर अर्ज करा आणि मुलाखतीला या. वही आणा.'

त्याला आता नऊ वर्षं झाली. मार्गदर्शक माझ्यापेक्षा लहान, वर्गमित्र माझ्या मुलीपेक्षा थोडेच मोठे. पहिली दोन वर्षं दर शनिवारी कोल्हापूरची गाडी पकडायची आणि सोमवारी पहाटेची परतीची. पुष्कळ वेळा वाटलं की हे अडतिसाव्या वर्षी सुचायला नको होतं. आकडाही सहजासहजी वाढला नाही. त्रेसष्टवरून अडुसष्टवर जायला दीड वर्ष लागलं. शेवटी एक्याऐंशीवर थांबला. तो एक्याऐंशी मी सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला आहे. त्याच्याबद्दल मला जेवढे प्रश्न पडले ते सगळे त्याच दिवशी जाऊन विचारले.

प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत घेऊन मामांच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कानानं कमी ऐकू यायचं. सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. मी परिशिष्ट उघडून दाखवलं. पहिला रकाना जॉबचा नंबर, दुसरा माप, तिसरा माप घेणाऱ्याचं नाव. त्या तिसऱ्या रकान्यात ओळीनं लिहिलं होतं, दि. रा. सुतार, दि. रा. सुतार, दि. रा. सुतार.

त्यांनी चष्मा वर करून बोटानं खालपर्यंत बघितलं. "हे सगळं मीच?"

"दोनशे वेळा."

"नापासांच्या यादीत."

"नापास जॉब होते, मामा. मापं पास होती."

मग त्यांनी प्रबंध मिटला, मांडीवर आडवा ठेवला आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला. पट्टी अजून तिथंच होती. कडेला लावली, डोळे बारीक केले, अंगठा एका रेघेवर दाबून धरला.

"दोनशे चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "कमी भरतंय गं. सांगितलं हुतं तुला तवाच."

मी वाद घातला नाही. वही काढली, नवी, सातवी की आठवी, आणि लिहून घेतलं, २९४. पुढं माप घेणाऱ्याचं नाव.